माइल्ड स्टीलची हत्यारं कडक करताना: पावडर की कोळशाचा डबा?

माइल्ड स्टील, म्हणजे कमी कार्बनचं साधं स्टील, नुसतं लाल करून पाण्यात बुडवलं तर कडक होत नाही, हे इथवर आलेल्याला सांगायला नको. वरच्या थरात कार्बन भरायचा कसा, एवढाच प्रश्न. घरच्या वर्कशॉपमध्ये दोन रस्ते आहेत: तयार केस हार्डनिंग (फक्त वरचा थर कडक करायची) पावडर, नाहीतर बंद डब्यात कोळशात पुरणं. सायनाइडचाही रस्ता आहे, पण ते जालीम विष, त्याच्या वाटेला घरी जाऊच नये.

पावडरचं काम झटपट. तुकडा लालबुंद करायचा, पावडरीत लोळवायचा, वितळून चिकटली की पुन्हा तापवायचा, असं दोन-तीनदा करून पाणी द्यायचं, म्हणजे लाल असतानाच पाण्यात बुडवायचं. अर्ध्या तासात मोकळे. पिन, स्क्रूचं टोक, छोटा स्पॅनर यांना हे पुरतं. कडक थराचं कवच मात्र एखाद-दोन दशांश मिलिमीटरचं, आणि माझं घोडं तिथेच अडलं.

टॅप रेंचचे, म्हणजे आटे पाडायचा टॅप धरून फिरवायच्या हत्याराचे, जबडे केले होते. टॅपचा चौकोनी दांडा कडक असतो, मऊ जबड्याचे कोपरे तो खाऊन टाकतो, म्हणून पावडर लावली. पाणी दिल्यावर एक जबडा किंचित वाकला. खाचेत सरकेना, म्हणून एमरी पेपरवर घासून सपाट केला. जबडा बसला, पण पकडीच्या कोपऱ्यावर कानस लावून पाहिली तर ती खुशाल लागायला लागली, म्हणजे तिथे मऊच. जे कमावलं तेच घासून टाकलं होतं. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा तेच. कदाचित माझा हात कमी पडला असेल. पण पाणी दिल्यावर जराही न वाकणारं काम माझ्याकडे क्वचितच असतं.

डब्याला वेळ लागतो. लाकडी कोळशाचे वाटाण्याएवढे तुकडे, त्यात थोडा धुण्याचा सोडा, तुकड्याच्या चारही बाजूंना बोटभर कोळसा, झाकणाच्या फटी चिकणमातीने बंद. मग ९०० ते ९२५ अंश सेल्सिअसवर तीन-चार तास. अर्धा मिलिमीटर तरी कवच मिळतं. झाकणातून त्याच स्टीलच्या दोन-तीन तारा आत सोडून ठेवाव्यात. मध्येच एक ओढून पाणी द्यायचं आणि मोडायची. कार्बन गेलेला कडेचा बारीक कणांचा थर डोळ्यांना दिसतो.

मला पटलं ते पुढचं. डबा भट्टीतच सावकाश निवू द्यायचा. तुकडा बाहेर येतो तेव्हा कार्बन आत गेलेला असतो, पण कडकपणा अजून आलेला नसतो. कानस चालते. वाकलेलं सरळ करता येतं, आटे पाडायचे तिथला थर काढून टाकता येतो. सगळं जुळलं की मगच तापवायचं, तुकड्याला लोहचुंबक चिकटेनासं झालं की त्याच्या जरा वर, साधारण ७८० ते ८०० अंश, आणि पाणी. त्यानंतर तासभर १५० ते १८० अंशांवर ठेवलं की ठिसूळपणा उतरतो. पाणी देताना थोडं वाकतंच, पण घासायला हाताशी जाडी असते.

डब्याचा त्रासही आहे. दर खेपेला तो खपल्या टाकत झिजतो, इंधन भरपूर जातं, आणि फटीतून कार्बन मोनॉक्साइड येतो, म्हणून हे काम उघड्यावरच करावं. हाताशी नुसता टॉर्च असेल तर पावडरच घ्या, कारण तेवढे तास एकसारखी आच टॉर्चने राखता येत नाही. भट्टी असेल तर मात्र मी डब्याकडेच झुकेन. डब्यातून काढलेले ते जबडे दोनदा घासले आहेत, आणि कोपऱ्यावर कानस अजून नुसती सरकते.