बंद झालेली व्हिंटेज मॉडिफाइड मस्टँग शोधावी की दुकानातली नवी घ्यावी?

चोवीस इंची स्केलची, म्हणजे तारेची वाजती लांबी चोवीस इंच असलेली, खिशाला परवडणारी मस्टँग गिटार घ्यायचे ठरवलेल्या माणसासमोर आज मुख्यतः तीन पर्याय असतात. फेंडर कंपनीचा स्वस्त ब्रँड असलेल्या स्क्वायरची व्हिंटेज मॉडिफाइड मस्टँग २०१२च्या सुमारास बाजारात आली आणि २०१९मध्ये ती मालिकाच गुंडाळली गेल्याने बंद झाली. ती वापरलेली मिळवणे हा पहिला पर्याय. तिच्या जागी आलेली, साठच्या दशकातल्या घडणीची क्लासिक व्हाइब मस्टँग नवी घेणे हा दुसरा, आणि त्याहून स्वस्त मालिकेतली सॉनिक मस्टँग घेणे हा तिसरा. पहिल्या गिटारचे चाहते तिच्याबद्दल इतक्या जिव्हाळ्याने बोलतात की, कंपनीने एक उत्तम वस्तू विनाकारण बंद केली आणि आता मिळेल त्या किमतीला ती मिळवलीच पाहिजे, असे नवख्या माणसाला वाटू लागते. हा समज खरेदीच्या वेळी महागात पडतो. ती गिटार का बंद झाली हे नीट समजून घेतले, तर तिच्यासाठी किती पैसे मोजावेत हेही आपोआप उलगडते.

मस्टँगच्या बाबतीत असे पहिल्यांदाच घडलेले नाही. फेंडरने १९५६मध्ये म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक या दोन गिटार शिकाऊ वादकांसाठी काढल्या आणि १९६४मध्ये त्याच घराण्यात मस्टँगची भर पडली. दोन तिरके सिंगल कॉइल पिकअप (तारांचे कंपन टिपणारी, एकाच वेटोळ्याची चुंबके), लियो फेंडर यांनी आखलेला डायनॅमिक व्हायब्रॅटो (आर्म नावाचा दांडा दाबून स्वर डोलवण्याची योजना) आणि लहान स्केल असा तिचा थाट होता. कंपनीने मात्र तिच्याकडे नेहमी पहिली पायरी म्हणूनच पाहिले. विद्यार्थी यावर शिकेल आणि पुढे कंपनीची महागडी स्ट्रॅटोकास्टर घेईल, हा त्यामागचा हिशेब होता. १९८१मध्ये बुलेट नावाची आणखी साधी आणि करायला सोपी गिटार आली आणि १९८२मध्ये मस्टँग बंद झाली. त्यानंतर जुन्या मस्टँग अमेरिकेत किरकोळ किमतीत मिळू लागल्या आणि ज्यांच्याकडे महागड्या गिटारसाठी पैसे नव्हते, अशा पंक आणि पर्यायी रॉक वादकांनी त्या उचलल्या. निर्वाना बँडचा गायक-गिटारवादक कर्ट कोबेन हे त्यांतले सर्वांत ठळक नाव. त्याची १९६९ सालची निळी मस्टँग मे २०२२मध्ये लिलावात ४५ लाख डॉलरना विकली गेली. फेंडरच्या जपानी शाखेने १९९०मध्ये मस्टँग पुन्हा काढली, तोवर तिला नवा चाहतावर्ग मिळालेला होता. या क्रमाकडे लक्ष द्यावे: मस्टँगवरचे प्रेम मोठ्या प्रमाणात ती बंद झाल्यानंतर, ती स्वस्तात मिळू लागल्यामुळे वाढले. चाहत्यांची संख्या आणि कारखान्याकडे येणारी मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्वस्त गिटारच्या बाबतीत त्यांच्यातले अंतर फार मोठे असते.

हे अंतर का पडते, याचे उत्तर व्यवहारात आहे. वापरलेली गिटार एकाने दुसऱ्याला विकली, तर त्यातून कंपनीला काहीच मिळत नाही, उलट तिच्याच नव्या गिटारचे एक गिऱ्हाईक कमी होते. शिवाय स्वस्त गिटारचा निष्ठावंत चाहता ती एकदाच विकत घेतो. पुढे तो पिकअप बदलतो, ट्यूनर (तारा पिळण्याच्या खुंट्या) बदलतो, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) बदलतो आणि हा सगळा खर्च बहुधा सुटे भाग करणाऱ्या इतर उत्पादकांकडे जातो. ज्या गिटारवर मुळातच नफा थोडा असतो, ती दर महिन्याला नव्या माणसांना विकली गेली तरच परवडते, आणि नवा माणूस दुकानात शिरल्यावर बहुतेक वेळा स्ट्रॅटोकास्टरचा किंवा टेलिकास्टरचा ओळखीचा आकार मागतो.

दुसरे कारण भागांचे आहे आणि माझ्या मते तेच जास्त निर्णायक आहे. स्ट्रॅट आणि टेली या दोन्ही साडेपंचवीस इंची स्केलच्या गिटार प्रचंड संख्येने बनत असल्यामुळे त्यांचे ब्रिज, स्विच आणि पिकगार्ड घाऊक दराने मिळतात. मस्टँगला मात्र स्वतःचा वेगळा व्हायब्रॅटो टेलपीस, डुलणारा ब्रिज, प्रत्येक पिकअपसाठी एक याप्रमाणे दोन सरकते स्विच, वेगळे पिकगार्ड आणि फ्रेटची (स्वरांच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) वेगळी मांडणी असलेला नेक, म्हणजे गिटारची मान, लागतो. असे भाग थोड्या संख्येने करून घेणे महाग पडते, आणि महाग भागांची गिटार स्वस्त मालिकेत फार काळ टिकत नाही. एक तर भाग साधे करावे लागतात किंवा गिटार वरच्या किमतीच्या मालिकेत न्यावी लागते. स्क्वायरने पुढे या दोन्ही गोष्टी केल्या, आणि आजचे दोन नवे पर्याय त्यातूनच निर्माण झाले आहेत.

तिसरे कारण मालिकांच्या गर्दीचे. स्क्वायरकडे एकाच वेळी बुलेट, ॲफिनिटी, स्टँडर्ड, व्हिंटेज मॉडिफाइड आणि २००८पासून क्लासिक व्हाइब अशा मालिका होत्या, आणि शेवटच्या दोन मालिकांमध्ये काय फरक आहे हे दुकानदारालाही गिऱ्हाइकाला समजावून सांगणे कठीण जात असे. २०१९मध्ये व्हिंटेज मॉडिफाइड संपवून तिच्यातली लोकप्रिय मॉडेल क्लासिक व्हाइबमध्ये घेतली गेली आणि त्या मालिकेचे उत्पादनही चीनमधून इंडोनेशियात गेले. म्हणजे आपल्या गिटारवर निकृष्ट असल्याचा शिक्का बसून ती बाद झाली नाही. तिच्याभोवतीची चौकटच मोडली आणि ती नव्या नावाने, थोड्या वरच्या किमतीला परत आली.

आता प्रत्यक्ष तुलनेकडे वळू. तिन्ही गिटारना समान असलेली आणि मस्टँग घेण्याचे खरे कारण असलेली गोष्ट म्हणजे चोवीस इंची स्केल. त्याच जाडीच्या तारा त्याच स्वरांना लावल्या, तर साडेपंचवीस इंची गिटारच्या तुलनेत तारांचा ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी भरतो. तारा मऊ लागतात, बेंड (तार ओढून स्वर चढवणे) सहज होतात, लहान हातांना आणि मुलांना दूरचे फ्रेट गाठता येतात. पण जोरात वाजवणाऱ्याच्या हाताखाली बारीक तारा सैल वाटतात आणि स्वर किंचित वर जातात, म्हणून अनेकजण मस्टँगवर १० ऐवजी ११च्या, म्हणजे थोड्या जाड, तारा चढवतात (हे आकडे पहिल्या तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत सांगतात). मस्टँग हाताशी नसेल तर हा फरक घरबसल्या तपासता येतो. ओळखीच्या कुणाची स्ट्रॅट अर्ध्या स्वराने उतरवून पहिल्या फ्रेटवर कॅपो (सर्व तारा दाबून धरणारा चिमटा) लावावा. उरलेली लांबी जवळजवळ बरोबर चोवीस इंच होते आणि फ्रेटमधले अंतर व तारांचा मऊपणा मस्टँगसारखाच लागतो. खरेदीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग आधी करावा, कारण हे स्केल हाताला रुचले नाही तर पुढची सगळी तुलना निरर्थक आहे.

लाकडाच्या बाबतीत व्हिंटेज मॉडिफाइडची बॉडी बासवुडची, तर क्लासिक व्हाइब आणि सॉनिकची पॉप्लरची आहे. चाहत्यांची चर्चा यावर फार रंगते, पण या किमतीच्या गिटारमध्ये आवाज ठरवणारा वाटा पिकअपचा आणि सेटअपचा (तारांची उंची, नेक आणि ब्रिज यांच्या जुळवणीचा) असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. फिंगरबोर्डची गोष्ट वेगळी आणि जाणून घेण्यासारखी आहे. जुन्या गिटारवर साधारणपणे रोझवुड, म्हणजे शिसवाच्या कुळातले लाकूड सापडते. जानेवारी २०१७पासून त्या कुळातल्या जवळजवळ सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची अट आली आणि नोव्हेंबर २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. परंतु मधल्या काळात स्वस्त गिटारचे उत्पादक दुसऱ्या लाकडांकडे वळले होते. क्लासिक व्हाइबवर आता इंडियन लॉरेल येते. या नावाने ओळखले जाणारे लाकूड आपल्या सह्याद्रीच्या रानांत ठिकठिकाणी आढळणाऱ्या ऐनाच्या जातीचे. ते दिसायला थोडे फिकट आणि रेषांचे असते. तेलाचा हलका हात दिला की गडद होते आणि बोटांना फरक जाणवत नाही. केवळ रोझवुडसाठी जुनी गिटार शोधण्यात मला अर्थ दिसत नाही.

फ्रेट आणि नेक यांच्याबद्दल मात्र आवडीनिवडीला जागा आहे. व्हिंटेज मॉडिफाइडचे फ्रेट मध्यम-जंबो, म्हणजे रुंदसर, त्यामुळे आधुनिक गिटारची सवय असलेल्या हाताला ती लगेच जवळची वाटते. क्लासिक व्हाइबचे फ्रेट अरुंद आणि उंच आहेत, नेकवर पिवळसर झाक असलेली चकचकीत झिलई आहे आणि नट (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) हाडाचा आहे. घाम येणाऱ्या हातांना ही झिलई उन्हाळ्यात चिकट लागू शकते. सॉनिकचा मऊ, चमक नसलेला नेक त्या बाबतीत सुखाचा वाटतो.

खरा निर्णय ब्रिजपाशी आणि स्विचपाशी होतो. व्हिंटेज मॉडिफाइड आणि क्लासिक व्हाइब या दोन्हींवर मूळ घडणीचा व्हायब्रॅटो आणि डुलणारा ब्रिज आहे. या ब्रिजचे दोन खांब खोबणीत सैल बसतात, जेणेकरून आर्म दाबल्यावर ब्रिज तारांबरोबर हलावा. तो नीट लावलेला असेल तर आवाजात एक सुंदर लहर येते. नीट लावलेला नसेल तर तो मूळ जागी परतत नाही आणि गिटार बेसूर होते. आर्म वापरायचाच नसेल, तर खांबांभोवती टेपचे वेढे देऊन ब्रिज स्थिर करतात आणि तो उपाय चांगला चालतो. दोन्हींवर दोन सरकते स्विच आहेत, ज्यांच्यामुळे प्रत्येक पिकअप बंद, सुलट किंवा उलट फेजमध्ये (ध्वनिलहरीची दिशा तशीच ठेवून किंवा उलटवून) ठेवता येतो. दोन्ही पिकअप चालू ठेवून एकाची फेज उलटवली की खालचे स्वर बरेचसे एकमेकांना छेद देतात आणि पातळ, नाकातून आल्यासारखा एक धारदार आवाज उरतो, जो बँडच्या गदारोळातही वेगळा ऐकू येतो. मस्टँगवर जीव जडणाऱ्यांना बहुधा याच आवाजाची ओढ असते. सॉनिक मस्टँगवर यातले काहीच नाही. तिथे हलणारा भाग नसलेला साधा ब्रिज आहे, एक तीन-टप्प्यांचा टॉगल स्विच आहे आणि सिरॅमिक चुंबकांचे पिकअप आहेत. आवाजाची विविधता घटते, पण तारा बदलणे सोपे होते, सूर टिकतो आणि दुरुस्तीला काही उरत नाही. पहिल्यांदा गिटार हातात घेणाऱ्याला, विशेषतः शाळकरी मुलाला, मी न कचरता सॉनिक सुचवेन. शिकण्याच्या पहिल्या वर्षात बेसूर गिटारइतके नाउमेद करणारे दुसरे काही नसते.

ज्याला फेज स्विच आणि व्हायब्रॅटो हवेच आहेत, त्याच्यापुढे जुनी की नवी हा प्रश्न उरतो. आवाजाच्या दृष्टीने क्लासिक व्हाइबचे अल्निको चुंबकांचे पिकअप मला अधिक स्वच्छ आणि समतोल वाटतात, आणि हाडाच्या नटमुळे सूर टिकण्यातही ती सरस ठरते. व्हिंटेज मॉडिफाइडची बाजू बळकट होते ती दोन ठिकाणी: एक, मध्यम-जंबो फ्रेट, आणि दुसरे, आधीच्या मालकाने पिकअप, ट्यूनर किंवा ब्रिज बदलून पैसे घातलेले असतील आणि तो ते किमतीत पूर्णपणे मागत नसेल तर. असा सौदा खरोखर चांगला असतो, कारण बदललेल्या भागांची किंमत वापरलेल्या स्वस्त गिटारमध्ये क्वचितच वसूल होते.

वापरलेली गिटार पाहायला जाताना नेक बाजूने डोळ्यासमोर धरून तो सरळ आहे का ते पाहावे आणि ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक जुळवणारी सळई) दोन्ही दिशांना फिरतो का याची खात्री करून घ्यावी. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड ओलावा धरते आणि हिवाळ्यात ते सोडते, त्यामुळे फिरत नसलेला ट्रस रॉड ही सौदा तिथेच सोडून देण्याजोगी बाब आहे. मुंबई, कोकण आणि गोवा इथे वापरलेल्या गिटारमध्ये खाऱ्या हवेने व्हायब्रॅटोच्या स्प्रिंगा आणि ब्रिजच्या उंचीचे बारीक स्क्रू गंजलेले सापडतात. ते किल्लीने हलतात का ते विकणाऱ्यासमोरच पाहावे. सरकते स्विच प्रत्येक टप्प्यावर हलवून ऐकावेत. नुसती खरखर असेल तर संपर्क साफ करण्याच्या स्प्रेने ती बहुधा जाते, पण एखादा टप्पा पूर्ण मुका असेल तर आत डागलेले जोड सुटलेले असू शकतात. व्हायब्रॅटोचा आर्म मूळचा सोबत आहे का, हेही विचारावे.

किमतीसाठी एक साधा हिशेब पुरतो. नव्या क्लासिक व्हाइब मस्टँगची तुमच्या शहरातली किंमत घ्यावी, तीतून वाद्यकारागिराचा सेटअपचा खर्च, लागणाऱ्या भागांचा खर्च आणि वॉरंटी नसण्याच्या जोखमीपोटी आणखी काही रक्कम वजा करावी. जे उरेल त्याहून जास्त किंमत वापरलेल्या व्हिंटेज मॉडिफाइडला देऊ नये. आयात शुल्कामुळे आपल्याकडे नव्या गिटारची किंमत आधीच चढी असते, आणि विकणारा 'आता ही मिळत नाही' म्हणून तीच किंमत मागत असेल, तर त्याला सांगावे की तीच गिटार थोड्या सुधारणांसह दुकानात वॉरंटीसकट मिळते. जुनी मस्टँग मौल्यवान ठरली ती साठच्या दशकातली, अमेरिकेत बनलेली आणि मोठ्या वादकांच्या हातांतून गेलेली. २०१२नंतरच्या काही वर्षांत मोठ्या संख्येने बनलेल्या स्क्वायरची किंमत त्या वाटेने वाढेल असे मानून पैसे गुंतवू नयेत.

हिशेबात बसणारी, सरळ नेकची आणि गंज न चढलेली व्हिंटेज मॉडिफाइड समोर आली आणि तिचे फ्रेट हाताला भावले, तर ती निःशंक घ्यावी. महिना-दीड महिना शोधूनही ती मिळाली नाही, तर थांबण्याचे कारण नाही. क्लासिक व्हाइब घ्यावी, ११च्या तारा चढवून तिचा ब्रिज जाणत्या कारागिराकडून लावून घ्यावा आणि वाजवायला बसावे.