गोळीखाद्य की घरचा भरडा?

वराहपालनात 60 ते 70 टक्के खर्च खाद्यावर जातो, हे पाळणाऱ्याला सांगायला नको. प्रश्न एवढाच, की तयार गोळी घ्यायची की मका-सोयापेंड आणून भरडा स्वतः करायचा. मी दोन्ही वापरून पाहिलंय.

गोळीची बाजू लंगडी नाही. डुकराला निवडानिवड करता येत नाही, सांडलवंड कमी होते, आणि त्याच मिश्रणाच्या भरड्यापेक्षा एफसीआर (एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागतं तो हिशेब) थोडा बरा पडतो. पण गोळी शाबूत राहिली तरच! पोती चढता-उतरता, थप्पीत दबून तळाला चुरा साठतो. डुकरं गोळ्या खातात, चुरा लाळेने ओला होऊन गव्हाणीच्या कोपऱ्यात थापला जातो आणि दुसऱ्या दिवशी आंबतो. वरून ताजं खाद्य ओतलं तरी जनावर हुंगून मागे सरतं. तो थर रोज पत्र्याने खरवडायचा आणि गोळीच्या भावाने घेतलेलं खाद्य फेकून द्यायचं, हे मला फार लागायचं. माझं मन तिथेच फिरलं.

भरड्यालाही कटकटी आहेतच. मक्यात 14 टक्क्यांवर ओल असली की बुरशी धरते, आणि तिच्या विषाने माद्यांचा माज बिघडतो. मी दाणा दाताखाली धरतो. कट्‌कन फुटला नाही तर माल परत. जाड भरडला तर दाणे विष्ठेत तसेच पडतात, पिठासारखा केला तर पोटात अल्सर होतात. दाण्याचा कण सरासरी 600-700 मायक्रॉन, म्हणजे 0.6-0.7 मिलिमीटर, ठीक. प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांची पूड) आणि लायसिन (प्रथिनातलं एक गरजेचं अमिनो आम्ल) आधी थोड्या भरड्यात कालवून मगच मोठ्या ढिगात मिसळावं लागतं. एवढी सवड नसेल तर गोळीच बरी, हे मान्य.

तरी वाढत्या डुकरांना मी भरडाच देतो, पाण्यात कालवून. गव्हाण चाटूनपुसून साफ होते. शिवाय वजन वाढेल तसं प्रथिनं 18 वरून 14 टक्क्यांकडे उतरवता येतात, म्हणजे महागडी सोयापेंड कमी लागते. काटेकोर चाचणी केलेली नाही, पण विक्रीच्या वजनात मला तरी फरक जाणवला नाही.

दूध तोडलेल्या पिल्लांना मात्र तयार स्टार्टरच, म्हणजे पिल्लांसाठीचं खास खाद्यच, द्यावं. त्यांच्या पोटाला जास्त सोयापेंड सोसत नाही. आणि मोठ्यांनाही गोळीच द्यायची ठरली, तर माल उतरवून घेण्याआधी एक पोतं तळापर्यंत चाळून बघा.