ब्लॅकआऊट पडदे: मापात चुकलात तर उजेड आहेच

रस्त्यावरचे पिवळे सोडियम दिवे जाऊन पांढरे एलईडी आले आणि मुंबईत खालच्या मजल्यांवरच्या बेडरूममध्ये रात्रीही लख्ख उजेड पडू लागला. त्यावर हे उजेड अडवणारे पडदे खरोखर चालतात. पण 4 फुटी स्लायडिंग खिडकीला 4 फुटी एकच पडदा लावून उपयोग नाही. रॉड दोन्ही बाजूंना 6 इंच जास्त, म्हणजे 5 फूट घ्या आणि त्यावर 4 फुटी दोन पडदे, म्हणजे चुण्या नीट पडतात. रॉडची टोकं भिंतीकडे वळलेली असली की बाजूची फटही बुजते. वरून मात्र कड्यांमधून थोडा उजेड झिरपतोच.

दुकानात कापडामागे मोबाइलचा टॉर्च धरा. ठिपके चमकले तर घेऊ नका, दुकानदार काहीही म्हणो. मागे रबरी लेप असलेले पडदे स्वस्त, पण पावसाळ्यात दमट घडी करून ठेवले की लेप चिकटतो आणि गरम पाण्यात धुतले की तडकतो. मधे काळा धागा विणलेलं कापड टिकतं.

हॉर्नचा आवाज मात्र यांनी थांबत नाही, आणि मे महिन्यात वाराही अडतो.