घशातलं लवचिक उपकरण: दोरीने वाकणारी नळी की नळीत नळी?
स्वरयंत्रासाठी ३ मिमीचं लवचिक रोबोटिक उपकरण करायला घेतलं की पर्याय बहुधा दोनच उरतात. नायटिनॉलच्या (वाकवून सोडलं की परत उसळणाऱ्या निकेल-टायटॅनियम मिश्रधातूच्या) नळीला एका बाजूने खाचा पाडून आतल्या दोरीने ती वाकवायची, किंवा आधीच वाक दिलेल्या नळ्या एकात एक घालून फिरवत-सरकवत टोक न्यायचं.

दुसरा पर्याय कागदावर देखणा. दोरी नाही, कप्पी नाही, मधली पोकळी लेझर फायबरला मोकळी. पण दोन नळ्यांचे वाक एकमेकांविरुद्ध येऊ लागले की नळ्या पिळतात. मोटर फिरत राहते, टोक मागे राहतं, आणि १८० अंशांच्या आसपास साठलेला पीळ एकदम सुटून टोक उडी मारतं. लॅरिंगोस्कोपमधला (तोंडातून स्वरयंत्रापर्यंत घालायच्या सरळ नळीतला) सरळ भाग जितका लांब, तितका पीळ जास्त. वाक कमी ठेवला तर उडी टळते, पण पोहोचही जाते. सॉफ्टवेअरने ती जागा टाळता येते, हे मान्य. तरी स्वरपट्टीच्या नाजूक थरांची जाडी मिलिमीटरभर असताना माझं मन त्याला धजत नाही.

दोरीचा मोठा शत्रू म्हणजे वाटेतलं वळण. घर्षण गुणांक ०.२ धरला तर ९० अंशांच्या वळणामागे टोकाला १० न्यूटन देण्यासाठी मागून जवळपास १४ न्यूटन ओढावे लागतात. पण लॅरिंगोस्कोपमधली वाट सरळच असते. वाकायचे ते शेवटचे १५-२० मिमी. म्हणजे ज्या सरळ लांबीने नळ्यांचा खेळ बिघडतो, तीच दोरीच्या पथ्यावर पडते. परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी जिभेच्या मुळाचं काम समोर असेल, तर वाट वळते आणि हा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

दोरी लांबते, हे मात्र सोसावं लागतं. ०.३ मिमी जाड, ३५ सेंमी लांब स्टीलची विणलेली दोरी १० न्यूटनला साधारण अर्धा मिमी वाढते. २ मिमी भुजेवर (वाकण्याच्या मध्यापासून दोरीचं अंतर) तेवढ्याने टोक चौदा अंश मागे राहतं. म्हणून नवी दोरी आधी शंभरएक वेळा पूर्ण ताणून सोडा, मग कॅलिब्रेशन, म्हणजे किती ओढलं की टोक किती वाकतं याची जुळणी. खाचेचे कोपरे गोल ठेवा आणि लेझरने कापल्यावर इलेक्ट्रोपॉलिश (विजेने पृष्ठभाग गुळगुळीत करणं) चुकवू नका. तडा कोपऱ्यातूनच जातो.

नळी कुठलीही घ्या, नायटिनॉलचं रूपांतर-तापमान, म्हणजे ज्याच्या वर ते वाकवल्यावर परत उसळतं ते तापमान, विचारूनच घ्या. ते २५ अंश असेल तर मुंबईच्या ३० अंशांत बाकावर नळी झकास उसळते, आणि २० अंशांच्या ऑपरेशन थिएटरात वाकवली की वाकलेलीच राहते. १० अंशांच्या आसपासची मागा.