पहिली नोकरी: जनरल वॉर्ड की थेट आयसीयू?

नर्सिंगचा निकाल लागला, नर्स म्हणून नोंदणी झाली, आणि मुलाखतीची दोन बोलावणी एकाच आठवड्यात आली: एक जनरल वॉर्डसाठी, एक आयसीयूसाठी. अशा वेळी सल्लागारांचे दोन गट आपोआप जमतात. पहिला म्हणतो, "आधी वर्षभर वॉर्ड कर, हात बसू दे." दुसरा म्हणतो, "आयसीयू मिळतंय आणि वॉर्ड कसला धरतेस?" मी दोन्हीकडे ड्युट्या केल्या आहेत, नंतर मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूलाही बसले आहे. दोन्ही गट बोलतात ते विभागाबद्दल. पहिल्या तीन महिन्यांत तुमच्या शेजारी कोण उभं असणार, हे मात्र कुणीच विचारत नाही. माझ्या मते निवड त्यावरच ठरायला हवी.

काम नेमकं कुठे वेगळं आहे

कॅलिफोर्नियात एका नर्सकडे किती रुग्ण हे कायद्याने ठरवलेलं आहे. २००४ पासून अमलात आलेल्या या नियमांनुसार आयसीयूत जास्तीत जास्त २ आणि मेडिकल-सर्जिकल वॉर्डात, २००५ पासून, जास्तीत जास्त ५. असा कायदा नसलेल्या ठिकाणी वॉर्डातला आकडा सहज दुप्पट होतो, रात्री त्याहूनही जास्त. हा प्रश्न फक्त दमण्याचा नाही. नर्सिंग संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांतल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. एका नर्समागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली त्यांना दिसली. तेव्हा "किती रुग्ण?" हे विचारणं म्हणजे कामचुकारपणा नव्हे. मुलाखतीत विचारताना कचरू नका.

वॉर्ड तुम्हाला एकाच वेळी अनेक माणसं डोक्यात वागवायला शिकवतो. आठच्या औषधांचा राउंड, एकाचं ड्रेसिंग, एकाला ऑपरेशनला पाठवायचं, एकाला घरी सोडायचं, आणि मध्येच तिसऱ्या खाटेवरच्या नातेवाइकांना सलाईन संपल्याची घाई. सतत चालणारा मॉनिटर बहुतेकांना नसतो, म्हणून बिघाड ओळखायचा तो आपल्या डोळ्यांनी. सकाळी बडबड करणारे आजोबा दुपारी गप्प झालेत, हे यंत्र सांगत नाही. श्वास मोजायचा कंटाळा न करणारी नर्स इथेच घडते. चार्टवर सगळ्यांचाच श्वास २० लिहिलेला मी इतक्यांदा पाहिलाय की तो आकडा दिसला की आधी शंकाच येते.

आयसीयूत माणसं दोनच, पण प्रत्येकाभोवती व्हेंटिलेटर, औषध मोजून सोडणारे चार-पाच पंप, आर्टेरियल लाईन (रक्तदाब सतत दाखवणारी धमनीतली नळी), तासातासाला लघवीचं माप. इथे कारण आणि परिणाम डोळ्यांसमोर घडतात. नॉरअॅड्रेनलिनचा (रक्तदाब वाढवणारं औषध) वेग वाढवला की काही मिनिटांत प्रेशर हलतं, सक्शन केल्यावर, म्हणजे नळीने कफ ओढून काढल्यावर, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) सुधारतं. शरीरशास्त्र पुस्तकातून उठून खाटेवर आल्यासारखं वाटतं. किंमतही आहेच. रुग्ण बहुधा बोलत नाही, अलार्म थांबत नाहीत, मृत्यू जास्त दिसतात आणि बाहेर बसलेल्या कुटुंबाशी बोलायचं कसं हे कॉलेजात कुणी धड शिकवलेलं नसतं.

आता त्या "आधी वर्षभर वॉर्ड" सल्ल्याकडे. नर्सिंग संशोधक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिकी ते तज्ज्ञ अशा नर्सच्या पाच पायऱ्या मांडल्या. तिसऱ्या, म्हणजे सक्षमतेच्या पायरीवर यायला साधारण दोन ते तीन वर्षं एकाच प्रकारच्या कामात जातात, असं त्या सांगतात. आणि अनुभवी नर्ससुद्धा अनोळखी प्रकारच्या रुग्णांमध्ये गेली की पुन्हा नवशिकी होऊ शकते. म्हणजे वॉर्डातलं एक वर्ष आयसीयूत जसंच्या तसं वटत नाही. भीड चेपते, वेळ सांभाळता येते, डॉक्टरांना रात्री दोनला फोन करायची धास्ती जाते, एवढं बरोबर येतं. ते थोडं नाही. पण व्हेंटिलेटर तेव्हाही पहिल्यापासूनच शिकावा लागतो. उलट प्रवासही सोपा नसतो. दोन रुग्णांची सवय झालेली नर्स वॉर्डात आली आणि समोर आठ खाटा पाहिल्या की तिच्याही तोंडचं पाणी पळतं.

अर्ज

यात फारसं गूढ नाही. दोन्हीकडे एकच बायोडेटा पाठवू नका, इतकंच. वॉर्डच्या अर्जात एका ड्युटीला किती रुग्ण स्वतः सांभाळले, औषधांचे राउंड, डिस्चार्जच्या वेळी रुग्णाला दिलेली माहिती, केलेल्या नाईट हे वर येऊ द्या. आयसीयूच्या अर्जात क्रिटिकल केअर पोस्टिंगचे तास, कोणत्या प्रकारचे रुग्ण, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची कोणती कामं प्रत्यक्ष केली आणि कोणती नुसती पाहिली. "केली" आणि "पाहिली" वेगळं लिहिणारा फ्रेशर मला लगेच आवडतो, कारण पुढच्या दोन प्रश्नांत ते तसंही उघड होतं. "मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करणारी" या ओळी काढून टाका. त्या सगळ्यांच्याच असतात.

बीएलएस (मूलभूत जीवरक्षणाचं प्रशिक्षण) दोन्हीकडे हवंच. एसीएलएस (त्याच्या पुढचं, हृदयविकाराच्या तातडीचं प्रशिक्षण) आयसीयूच्या अर्जाला वजन देतं. पण कार्ड जोडलंत तर समोर ठेवलेल्या ईसीजीच्या पट्टीवर व्हीटी आणि व्हीएफ, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांतले जीवघेणे बिघाड, ओळखता आले पाहिजेत. कार्ड आहे आणि पट्टी वाचता येत नाही, ही अवस्था कार्ड नसण्यापेक्षा वाईट.

मुलाखत: तिथे काय विचारतात, इथे काय विचारतात

वॉर्डच्या मुलाखतीचा कणा म्हणजे आधी कोणाकडे जाल. प्रश्न साधारण असा येतो. हँडओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांचा ताबा घेणं, नुकताच झालाय. एका रुग्णाला ऑपरेशननंतर दुखतंय, एकाला ताप ३८.२ अंश सेल्सिअस आहे आणि अँटिबायोटिकची वेळ झालीय, एक डिस्चार्जसाठी कपडे घालून तयार बसलाय, आणि मधुमेहाच्या एका बाईंना दरदरून घाम सुटलाय, त्या काहीतरी असंबद्ध बोलतायत. आधी कोण? बाईंकडे जायचं, हे बहुतेकांना सुचतं. गडबड पुढे होते. दहातले बरेच जण म्हणतात, "डॉक्टरांना कळवेन." काय कळवणार? आधी खाटेपाशी जा, साखर मोजा. ती डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज तोंडाने, १५ मिनिटांनी पुन्हा मोजणी. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, मदतीला हाक मारायची आणि शिरेतून ग्लुकोजची तयारी. फोन करताना हातात आकडा असला पाहिजे. हे सगळं सांगून झाल्यावर "दुखणाऱ्या रुग्णाला जाता जाता सांगेन की दहा मिनिटांत येते" असं एखादी म्हणाली, तर ती वॉर्ड चालवू शकते हे टेबलापलीकडे समजतं.

याच ओघात फोनवर कसं सांगाल हे विचारतात. अमेरिकी नौदलातून रुग्णालयांत आलेली एसबार पद्धत पाठ असते सगळ्यांची: काय चाललंय, पार्श्वभूमी काय, मला काय वाटतं, मला काय हवंय. मुलाखतीत बहुतेक जण तिसऱ्या टप्प्यावर अडखळतात. "मला वाटतं आतून रक्तस्राव होतोय" असं फ्रेशरने म्हणणं आगाऊपणा वाटतो. तो आगाऊपणा नाही. तुमच्याकडून नेमकं तेच हवं असतं. चुकलात तरी चालतं, डॉक्टर लवकर येतात ना!

आयसीयूच्या मुलाखतीत रुंदीऐवजी खोली तपासतात. "प्रेशर ९०/४५ आहे, काय वाटतं?" इथे सरासरी धमनीदाब काढता यायला हवा: डायस्टोलिकची (खालचा आकडा) दुप्पट अधिक सिस्टोलिक (वरचा आकडा), भागिले तीन, म्हणजे ६०. सेप्टिक शॉकमध्ये (जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळतो तेव्हा) ६५ च्या वर ठेवायचा असतो, म्हणजे हा कमी आहे. मग पुढचं: लघवी किती होतेय, हातपाय गार आहेत का, आर्टेरियल लाईनचा ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा भाग) योग्य उंचीवर आहे का. हा शेवटचा मुद्दा फ्रेशरच्या तोंडून आला की समोरचे एकमेकांकडे पाहतात.

दुसरा हमखास प्रश्न व्हेंटिलेटरच्या हाय प्रेशर अलार्मचा. घाबरून मोडची नावं म्हणून दाखवू नका. आधी रुग्णाकडे बघायचं, मग यंत्राकडे. ट्यूब चावतोय का, वळलीय का, कफ भरलाय का, दोन्ही बाजूंना हवा जातेय का. सॅच्युरेशन पडतंय आणि कारण सापडत नाही, तर व्हेंटिलेटर सोडवून ऑक्सिजन जोडलेल्या अँब्यू बॅगने (हाताने दाबायची पिशवी) श्वास द्यायचा आणि मोठ्याने मदत मागायची. मोड आणि ग्राफ फ्रेशरला येत नाहीत हे त्यांना माहीतच असतं. "इथपर्यंत मी करेन, इथून पुढे सिनिअरला बोलावेन" ही रेघ तुम्ही कुठे ओढता, ते त्यांना ऐकायचं असतं. सगळं येतं म्हणणाऱ्या उमेदवाराची आयसीयूत जास्त भीती वाटते.

दोन्हीकडे समान असलेला एकच प्रश्न घेते, कारण सगळ्यात जास्त मुलाखती तिथे बिघडतात: "तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा." "झालीच नाही" हे सर्वांत वाईट उत्तर. माझ्या पहिल्या मुलाखतीत मीही हेच म्हणाले होते आणि समोरच्या मेट्रन नुसत्या हसल्या होत्या. पुढचा प्रश्न आलाच नाही. खरी, छोटी चूक सांगा आणि क्रम नीट ठेवा: आधी रुग्णाला तपासलं, मग सिनिअरला सांगितलं, मग नोंद केली, त्यानंतर कामाची पद्धत काय बदलली. आणि गोष्ट सांगताना रुग्णाचं नाव, खाटेचा क्रमांक काहीही नको. गोपनीयता पाळता का, हे तिथल्या तिथे तपासलं जातं.

आता तुम्ही त्यांना काय विचारायचं

"तुम्हाला काही विचारायचंय?" यावर "नाही, थँक यू" म्हणून उठणारे इतके असतात की वाईट वाटतं. निवडीसाठी लागणारी माहिती खरं तर याच पाच मिनिटांत मिळते.

पहिलं म्हणजे, सिनिअरच्या बरोबरीने किती आठवडे, आणि त्या काळात मी ड्युटीच्या संख्येत धरली जाणार का? हा दुसरा भाग विसरू नका. "आम्ही तीन महिने ट्रेनिंग देतो" असं सांगून तिसऱ्या दिवशी माणूस कमी म्हणून तुम्हाला स्वतंत्र खाटा दिल्या, तर ते ट्रेनिंग फक्त कागदावर. वॉर्डात मी निदान सहा ते आठ आठवडे धरते, आयसीयूत बारा. त्याहून कमी सांगितलं तर विचार करा. दुसरं, शिकवणारी सिनिअर एकच की रोज वेगळी? रोज वेगळी असेल तर ड्रेसिंगच्या पाच पद्धती कळतात आणि आपली कोणती हे कळत नाही. तिसरं, आठवडे संपले आणि मी तयार नसेन तर? "वाढवतो" असं ताबडतोब उत्तर आलं तर ते आधी कुणासाठी तरी वाढवलेलं आहे. चौथं, पहिली नाईट कधी आणि तेव्हा वॉर्डात दुसरं कोण? आणि पाचवं, जरा अवघड पण विचारण्यासारखं: मागच्या वर्षी घेतलेल्या फ्रेशरपैकी आज किती जण इथेच आहेत?

बॉण्ड (ठरावीक मुदत नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर सोडताना रक्कम द्यावी लागते का आणि विभाग बदलला तर मुदत पुन्हा सुरू होते का, हे लेखी घ्या.

पहिल्या वर्षातला हा धक्का नवा नाही. नर्सिंग संशोधक मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्ये त्याला वास्तवाचा धक्का असं नाव दिलं: आधी सगळं छान वाटतं, मग कॉलेजात शिकलेलं आणि वॉर्डात चालतं ते जुळत नाही म्हणून राग येतो, मग हळूहळू बसतं. आयसीयूत हे घडताना यंत्रं आणि मृत्यूही सोबतीला असतात, म्हणून तिथे शेजारच्या माणसाची गरज जास्त.

माझं मत विचाराल तर असं. आयसीयू बारा आठवडे, एकच सिनिअर, संख्येबाहेर, असं लेखी देत असेल आणि तुम्हाला एकाच रुग्णात खोल शिरायला आवडत असेल, तर वॉर्डचं वर्ष करायलाच हवं असं नाही, थेट जा. पुढे अॅनेस्थेशिया किंवा क्रिटिकल केअरमध्ये शिकायचं असेल तर आयसीयूतलं वर्ष तसंही तिकडे मोजलं जातं. पण आयसीयूकडून "बघू, जसं जमेल तसं" आलं, तर नावाला भुलू नका. नीट शिकवणारा वॉर्ड घ्या. दोन्हीकडून गोलमोल उत्तरं आली तर ज्या ठिकाणी रात्री एका नर्समागे रुग्ण कमी ते ठिकाण, मग विभाग कोणताही असो. माणसांशी बोलण्यात तुमचा जीव रमत असेल, रुग्ण बरा होऊन चालत घरी जाताना पाहायचा असेल, तर आयसीयूच्या ऑफरलाही नाही म्हणता येतं. त्यात कमीपणा नाही, कुणी काही म्हणो.

तरीही ठरत नसेल तर दोन्ही ठिकाणी अर्धा दिवस नुसतं पाहायला येऊ द्याल का, असं विचारा. बरीच रुग्णालयं हो म्हणतात. गेलात तर हँडओव्हरच्या वेळी जा. नुकती लागलेली एखादी नर्स तिथे असेलच. तिने प्रश्न विचारला की बाकीच्या तिच्याकडे कशा बघतात, ते बघा.