रोध कसा काढावा: मल्टीमीटरने थेट, की व्होल्टेजला करंटने भागून?

१०० वॅटचा जुना तारेचा बल्ब होल्डरमधून काढून मल्टीमीटर लावला, तर साधारण ४० ओहम दिसतात. तोच २३० व्होल्टवर पेटवा: करंट ०.४३५ अँपिअर. भागाकार केला की ५२९ ओहम! मीटर चुकलेला नाही. टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापली की रोध दहापटींहून जास्त वाढतो. चालू बल्बचा खरा रोध भागाकारच सांगतो.

गिझरच्या कॉइलचं तसं नाही. तिच्या नायक्रोमचा (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचा) रोध तापूनही फारसा बदलत नाही. २००० वॅटच्या गिझरला दोन्ही रीतींनी २६ ओहमच्या आसपासच उत्तर येतं. कॉइल तुटलीय का, एवढंच बघायचं तर मीटरच बरा. मेन बंद करा, वायर सोडवा, मगच टोकं लावा.

पॉवर मात्र चालू असतानाच्या आकड्यांवरूनच काढावी, असं माझं ठाम मत आहे. संध्याकाळी व्होल्टेज २०० वर उतरलं की तोच गिझर साडेसात अँपिअरच घेतो. गुणाकार जेमतेम १५०० वॅट. पाणी तापायला वेळ लागतो तो म्हणूनच. करंट मोजताना क्लॅम्पमीटरमध्ये, म्हणजे वायरभोवती चिमट्यासारखा लावायच्या मीटरमध्ये, एकच वायर घ्या. दोन्ही घेतल्या तर शून्य दिसेल. मोटारीला नुसता गुणाकार चालत नाही, तिथे पॉवर फॅक्टरनेही (त्या गुणाकारातला खरोखर कामी येणारा हिस्सा) गुणावं लागतं.