व्हेटरन्स डेची डोनेशन मेसेज सर्व्हिस: पाचपैकी एक स्टार

दोन वर्षांपूर्वी एका उमेदवाराला २५ डॉलर दिले, तेवढंच माझं पाप. तेव्हापासून निवडणुकीसाठी पैसे मागणाऱ्या मेसेजची ही सर्व्हिस न मागता चालू आहे, एक नंबर स्टॉप केला की दुसऱ्या नंबरवरून येते. एरवी मी काही बोलत नाही, अमेरिकेत इलेक्शन म्हणजे बारा महिने मागणंच, पण ११ नोव्हेंबरला, म्हणजे इथल्या माजी सैनिकांच्या दिवशी, व्हेटरन्स डेला जे आलं त्यावर लिहायलाच हवं.

सकाळपासून दुपारपर्यंत सहा मेसेज. पहिला बरा वाटला, झेंडा वगैरे, 'आपल्या व्हेटरन्सना थँक्यू म्हणा, कार्डवर सही करा'. म्हटलं करूया, समोरच्या घरातले आजोबा व्हिएतनामच्या युद्धाला जाऊन आलेत, असल्याच कुणाला तरी जाईल. नाव टाकलं, ईमेल टाकला, झिप कोड टाकला आणि पुढचं पान उघडलं ते थेट १०, २५, ५० डॉलरचं!! कार्ड कुठे गेलं देव जाणे. भिडेखातर १० दिले. खाली दर महिन्याला पैसे कापायच्या चौकटीत टिक आधीच मारलेली होती ती दिसली नाही, डिसेंबरचं स्टेटमेंट आल्यावर दिसली. ईमेल केल्यावर पैसे परत आले, हा एक स्टार त्याचाच.

मित्र म्हणतो, मेमोरियल डेसारखा हा शहिदांचा दिवस नाही, या दिवशी गाद्यांचे पण सेल लागतात, मग यांनीच काय घोडं मारलंय? अरे पण गादीवाला पैसे घेऊन गादी देतो ना, आणि सैनिकांसाठी मागतोय असं तरी भासवत नाही. १९१८ ला ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजता पहिल्या महायुद्धाच्या तोफा थांबल्या, तेव्हापासूनची ही तारीख. १९५४ मध्ये नाव बदलून व्हेटरन्स डे केलं ते चाललं, पण १९७१ पासून लाँग वीकेंडसाठी सुट्टी ऑक्टोबरच्या सोमवारी ढकलली ते लोकांना पटलं नाही, १९७८ पासून परत ११ नोव्हेंबरच. तारखेबद्दल एवढी हळवी असलेली माणसं, आणि त्याच तारखेला हे डबा घेऊन दारात.

पैसे मागायलाच माझा विरोध आहे असं नाही हां. आपल्याकडे ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो, १९४९ पासून, शाळेत शर्टाला कागदी झेंडा टाचायचे आणि आम्ही डब्यात नाणी टाकायचो. पण ते पैसे सैनिकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी जायचे, इथले उमेदवाराच्या टीव्हीवरच्या जाहिरातीला जातात.

आजोबांना तो मेसेज दाखवला तर ते हसायलाच लागले, त्यांच्या फोनवर तेच कार्ड. म्हणजे स्वतःलाच थँक्यू म्हणायचं आणि वर १० डॉलर द्यायचे. त्यांनी सही केली म्हणे, पैसे नाही दिले.